शिशाचे नऊ घोडे

ओबरमेर, २० जून १८९७

स्वाझिकताई,

आणि पुन्हा तेच. मी घरातून पळालो, बाबांना न विचारता पळालो, बटाटे जमिनीत टाकून पळालो. अगं, दोन वर्षं झाली त्याला. ते बटाटे निघाले, उकडले, खाल्ले, सालं डुकरांनी खाल्ली, आणि ती डुकरंही एव्हाना मिठात गेली असतील. तू मात्र अजून त्याच वाफ्यात उभी. मी शाळेत चार हिवाळे गेलो, तेसुद्धा बाबांना तबेल्यात माझी गरज नसेल त्या दिवशी. एक पान लिहायला मला अख्खी संध्याकाळ लागते. तेव्हा भांडायचं असेल तर निदान नव्या गोष्टीवरून भांड.

काम काय करतोस, म्हणून तिसऱ्यांदा विचारलंयस. तिसऱ्यांदा सांगतो. घोडे. नऊ घोडे माझ्या हाताखाली आहेत. सकाळी सातला त्यांच्याकडे जातो. आधी कोरडं फडकं, मग ओलं, मग पुन्हा कोरडं. अंगावर धुळीचा कण राहिला तर बोद्रीसाहेब चारचौघांत कान पिळतो. दुपारी दोनला शर्यती सुरू होतात त्या दिवे लागेपर्यंत. पॅरिसच्या बायका येतात, हातमोजे काढत नाहीत, तशाच पैसे लावतात. पाच नंबरचा लाल आहे, त्याच्यावर सगळं गाव फिदा. तीन नंबरचा जरा अडखळतो. आणि कुठला पुढे जाणार, कुठला मागे राहणार, हे मला सकाळीच कळलेलं असतं. आतल्या माणसाला कळतंच. हे बाबांना वाचून दाखव. आपल्या पोरानं आयुष्यात काही केलं नाही असं ते लोहाराकडे बसून सांगतात ना, त्यांनी हेही सांगावं.

सोबत दहा फ्रँक. स्तेरेनला ओट्स घ्या. तिच्या पाठीवरून माझ्या नावानं हात फिरव.

तांगी


केरगोफ, कोर्लेजवळ, ४ जुलै १८९७

तांगी,

बटाट्यांचं राहू दे. डुकरं अजून आहेत, तुझी आठवण काढत नाहीत.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. एकदा नाही, चारदा. पहिल्या वेळी ते चुलीकडे तोंड करून बसले होते. दुसऱ्या वेळी स्टूल ओढून माझ्यासमोर. तिसऱ्या वेळी म्हणाले, ती आतल्या माणसाची ओळ परत वाच. चौथ्या वेळी त्यांनीच ती पाठ म्हणून दाखवली. एक शब्द चुकला नाही. ज्यांना स्वतःची सही करता येत नाही ते हेच ना, असं मला वाटलं.

आता त्यांचे प्रश्न. मी नुसती लिहिते आहे, माझ्यावर खेकसू नकोस. एक, तीन नंबरचा कुठल्या पायानं अडखळतो. टाच गरम लागत असेल तर ओली चिकणमाती सायडरच्या गाळात कालवून बांधायची आणि चार दिवस त्याला बाहेर काढायचं नाही. दोन, रोज पळवतात हे खरं का. रोज, आणि दिवसाला अनेकदा? बाबा म्हणाले, असल्या मालकाला लगामानं फोडला पाहिजे, पण हे साहेबाला सांगू नकोस. तीन, उंची किती, आई कोण, बाप कोण. चार, हाच त्यांचा खरा प्रश्न आहे, बाकीचे उगाच. कुठला?

तुला ठाऊक आहे ते आयुष्यभर काय म्हणत आले. कोर्लेच्या मैदानावर चाळीस वर्षं पैसे लावले, चाळीस वर्षं घालवले. का, तर घोडा ओळखता येत नाही म्हणून नव्हे. घोडा त्यांच्यासारखा कुणाला ओळखता येतो? तबेल्यात आपला माणूस नव्हता म्हणून. कुठल्या घोड्याला रात्री पाणी जास्त पाजलं, कुठल्याला स्वारानं मुद्दाम ओढून धरलं, हे आतल्यालाच ठाऊक. आणि आता आतला माणूस आहे, तो त्यांचाच पोरगा. काल लोहाराकडे त्यांनी सगळ्यांना सायडर पाजलं. हो, बाबांनी. स्वतःच्या पैशांनी.

तेव्हा लवकर लिही. आणि खरं लिही, कारण घोड्यांचा व्यापारी कादिऊ दोनदा येऊन स्तेरेनचे दात बघून गेलाय. बाबांनी त्याला हाकललं नाही. मला ते आवडलं नाही. ती घोडी गेली तर या घरात उरतं काय? तिची शिंगरं विकून आपण जगतो. तिच्यामुळेच गावात बाबांना, जोब ल कोर्रला, अजून लोक टोपी काढतात.

स्वाझिक


ओबरमेर, २८ जुलै १८९७

ताई,

हे पत्र बाबांना वाचून दाखवू नकोस. आधी तू वाच आणि चुलीत टाक.

तीन आठवडे झाले, रोज लिहायला बसतो आणि कागद फाडतो. घोडे नाहीत. म्हणजे आहेत, पण माझ्या वितीएवढे. शिशाचे, वरून रंगवलेले, पाठीवर शिशाचाच स्वार. कसिनोच्या मोठ्या दालनात गोल टेबल आहे, त्यावर एकात एक नऊ वाटा, प्रत्येक वाटेवर एक घोडा, आणि प्रत्येकाचा गज मधल्या दांड्यावरच्या आपापल्या कड्यात बसवलेला. बोद्रीसाहेब कळ फिरवतो, स्प्रिंग सुटते, घोडे गरगर फिरतात. फिरता फिरता मंदावतात. पांढऱ्या खांबाला लागून जो थांबला तो जिंकला. लावले त्याच्या सातपट मिळतात. हीच शर्यत. लांबून बघितलं तर लहान मुलांचा खेळ वाटतो. जवळून बघितलं तर माणसांचे चेहरे दिसतात.

खऱ्या तबेल्यात मी होतो, सतरा दिवस. बाबांनी शिकवलं तसं करत होतो, म्हणून हाकलला गेलो. तिथला मुकादम म्हणाला, ब्रेतॉन शेतकऱ्याची अक्कल इथे चालवू नकोस. मी त्याला बादली फेकून मारली. परत यायचं तर कुठल्या तोंडानं येणार होतो? मग इथे लागलो. फडकी मारायची, आणि कड्यांना पिसानं तेल द्यायचं.

आता ते आतल्या माणसाचं. ते खोटं नाही, हेच वाईट. कड्यात तेल भरपूर असलं तर घोडा अठरा-वीस फेऱ्या मारतो, कुठे थांबेल ते देवही सांगणार नाही. कडं कोरडं ठेवलं तर सहा-सात फेऱ्यांत दमतो, आणि स्प्रिंग तीच, हात तोच, म्हणून बहुतेक वेळा बागेकडच्या वळणावर बसतो. खांबापासून लांब. लोक पाचवर वेड्यासारखे लावतात, म्हणून बोद्री सकाळी मला डोळ्यांनी खूण करतो आणि मी पाचला कोरडा ठेवतो. मालकांना ठाऊक आहे की नाही कोण जाणे. पण बोद्री त्याचे मला रोज दोन फ्रँक देतो. तुम्हाला आलेले दहा त्यातलेच.

म्हणजे बघ, सबंध गाव ज्याच्यावर लावतं तो पाच कधीच जिंकत नाही, किंवा चुकून जिंकतो. बाबांना सांग, तांगीला बढती मिळाली, घोड्यांपासून दूर पाठवलं. काहीही सांग. तुला जमतं तसलं. आणि कादिऊला फाटकातच अडव.

तांगी


केरगोफ, ३० जुलै १८९७, शुक्रवार

तांगी,

तुझं पत्र आज सकाळी आलं. बाबा कालच तुझ्याकडे निघाले.

मी झऱ्यावर कपडे धूत होते. परत आले तर तबेल्याचं दार सताड उघडं आणि बाबा लग्नातलं मखमली जाकीट घालून चुलीपाशी उभे, डोक्यावर नवी टोपी. स्तेरेन कादिऊला दिली, पाचशे वीसला. मी काय काय बोलले ते लिहीत नाही. ते शांतपणे म्हणाले, पोरीनं ओरडू नये. पोरगा पत्रात कसं लिहील? पत्र दहा हातांतून जातं. लिहिलं असतं तर त्याचीच नोकरी जाती. त्यानं पाचचं नाव काढलं, लाल म्हणाला, तेवढं शहाण्याला पुरे. बाकी मी त्याच्या डोळ्यांत वाचीन.

तुझं तीन आठवड्यांचं गप्प बसणं त्यांनी असं वाचलं. तू लिहीत नाहीस म्हणजे तू हुशार झालास.

सगळे पैसे कमरेला बांधून नेलेत. उद्या दुपारी पोचतील. हे पत्र त्यांच्या आधी पोचणार नाही, हे मला कळतंय, तरी लिहिते आहे. त्यांना दारातच धर. तोंड लाल होईपर्यंत खरं सांग. मारतील तर मार खा. दोन वर्षांचा राहिलेलाच आहे.

स्वाझिक


ओबरमेर, २ ऑगस्ट १८९७

ताई,

तुझं पत्र आज आलं. बाबा शनिवारी आले. ते कुठे आहेत मला ठाऊक नाही. घरी पोचले असतील तर तुला हे सगळं जुनं वाटेल. नसतील तर आधी बसून घे, मग वाच.

अडीच वाजले होते. मी टेबलाच्या आतल्या बाजूला फडकं घेऊन उभा, नेहमीसारखा. बायकांच्या घोळक्यात हसण्याची लाट उठली म्हणून वर बघितलं, तर आपल्याकडची ती रुंद टोपी, मागे रिबिनी. कुणीतरी विचारलं, हा नाच दाखवायला आलाय का. बाबांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. ते टेबलाकडे बघत होते. मग माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या फडक्याकडे. त्या फडक्याकडेच त्यांनी सगळ्यात जास्त वेळ बघितलं असेल.

मला वाटलं आता वळतील, जातील, थुंकतील. ते वाकले. कुडाशी उभं राहून शिंगराकडे बघतात ना, हात गुडघ्यांवर ठेवून, तसे. आणि तीन शर्यती नुसत्या बघितल्या. चौथीला कमरेची पिशवी काढली आणि पाचवर पाच फ्रँक ठेवले. एका वेळी पाच फ्रँकांपेक्षा जास्त लावू देत नाहीत. एवढी मोठी पिशवी, आणि पाच पाच करून. मला ते शेवटपर्यंत बघावं लागलं.

मी ब्रेतॉनमध्ये म्हणालो, बाबा, जा इथून. आपली भाषा तिथे कुणाला येत नाही. तेही ब्रेतॉनमध्येच बोलले, ओठ न हलवता, कोर्लेच्या मैदानावर कादिऊच्या कानावर जाऊ नये म्हणून बोलायचे तसे.

"लाल दमलेला नाही. त्याला कुणीतरी ओढून धरलंय."

ताई, शिशाचा घोडा. गजावर लावलेला. पॅरिसचे इंजिनीयर त्या टेबलाशी बसून गेले, वह्या घेऊन आकडे मांडून गेले, त्यांना जे दिसलं नाही ते बाबांना तीन शर्यतींत दिसलं. मग त्यांनी विचारलं, "घोडे इथे कोण बघतं?"

"मी."

"मग बघ की."

साडेचारला वादक बसतात आणि अर्धा तास खेळ थांबतो. तेव्हा मी पीस आणि तेलाची कुपी घेऊन आत शिरतो आणि कड्यांना तेल देतो. बाबा जागचे हलले नाहीत. माझ्यापासून हातभर. एकला दिलं, दोनला दिलं. तीन, चार. पाचशी आलो तेव्हा बोद्री खोकला. तेवढंच. पीस तेलात बुडवलेलं होतं, थेंब लोंबत होता. मी पाच टाकून सहाला दिलं.

का, ते विचारशील. बोद्रीनं एकदा सांगितलं होतं, पाचला हात लावशील तर तूच दोन फ्रँक घेतोस हे मी पोलिसांना सांगेन. ते खरं आहे. पण त्या वेळी मला पोलिस आठवले नाहीत. साहेब खोकला आणि माझा हात पुढे गेला, एवढंच झालं. हाताला सवय झालेली आहे.

बाबांनी ते बघितलं. मग पुन्हा खेळ सुरू झाला, आणि त्यांनी पाचवरच लावलं. पुन्हा पाच. लाल दोनदा चुकून जिंकला, तेव्हाही त्यांनी हसून दाखवलं नाही, पैसे उचलले आणि परत त्याच्यावरच ठेवले. प्रत्येक वेळी ठेवताना माझ्याकडे बघायचे. रागानं नाही. घोड्यानं पहिली उडी चुकवली की त्याला पुन्हा आणून उभं करतात ना, तसं. मी फडकं मारत राहिलो. सातच्या सुमाराला पिशवी रिकामी झाली. शेवटचे पाच कोटाच्या आतल्या खिशातून काढले, तेव्हा मला कळलं की ते परतीचं भाडं आहे. ओठांवर आलं होतं की ते नका लावू. नाही बोललो.

हरल्यावर त्यांनी टोपी नीट केली. बोद्रीला मान लववून, शर्यत संपल्यावर मालकाला करतात तसा, नमस्कार केला. सगळे हसले. मग बाबा दाराबाहेर पडले. मी नऊ वाजता सुटलो आणि स्टेशनवर धावलो. तिथे म्हणाले, असला टोपीवाला इकडे आलाच नाही.

ते पोचले की एक ओळ लिही. एकच लिही.

तांगी


केरगोफ, २९ ऑगस्ट १८९७

तांगी,

पोचले. बाराव्या दिवशी, चालत. मुद्दाम तुला दोन आठवडे लिहिलं नाही. तुलाही कळू दे वाट बघणं म्हणजे काय.

बूट गळ्यात अडकवलेले होते, कारण पाय त्यांत मावत नव्हते. मी कोमट पाण्यात धुतले. डाव्या पायाचं नख पाण्यातच राहिलं. त्यांनी काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, तुझं पत्र माझ्या चोळीत होतं. रविवारी चर्चनंतर लोहारानं विचारलंच, काय जोब, कसे आहेत पोराचे घोडे? मला वाटलं जमीन दुभंगावी. बाबा म्हणाले, सुरेख. अंग आरशासारखं. पोरगा हात चांगला फिरवतो. आणि पाच नंबर? तो म्हणाला. बाबा म्हणाले, त्या दिवशी त्याचा दिवस नव्हता. घरी येईपर्यंत त्यांनी माझा दंड सोडला नाही.

त्यानंतर तुझ्याविषयी एक शब्द नाही. मी तुझं नाव काढलं की उठून तबेल्यात जातात. तिथे काही नाही. रिकाम्या गव्हाणीतलं जुनं गवत काढतात आणि नवं टाकतात.

आता ऐक, रडण्यासाठी मी कागद खर्च करत नाही. स्तेरेन अजून कादिऊच्या कुरणात आहे. सेंट मिकेलच्या दिवशी, एकोणतीस सप्टेंबरला, तो घोड्यांचा जथा घेऊन पॅरिसला जाणार आहे, ट्रामगाड्यांसाठी. बाबा म्हणतात, तिथल्या दगडी रस्त्यांवर घोडं चार वर्षं टिकतं, आपल्या तिच्यासारखं नाजूक दोन. ते रोज चालत त्या कुरणापर्यंत जातात, त्या पायांनी. कुंपणापाशी उभे राहतात. ती लांबूनच वास घेऊन धावत येते आणि कुंपणावरून मान टाकते. कादिऊचा गडी मला म्हणाला, म्हाताऱ्याला येऊ देऊ नका, मागाहून घोडी दिवसभर खात नाही.

कादिऊला पाचशे साठ हवेत, चारा धरून. मी लग्नासाठी विणलेल्या चादरी आणि ओकचं कपाट विकलं, एकशे सत्तर आले. तू काही म्हणू नकोस, कुणी मागायला आलेलं नव्हतंच. उरले तीनशे नव्वद.

आणि आणखी एक. मी बाबांना म्हटलं, तांगीला लिहू का? तेव्हा त्या महिन्यात पहिल्यांदा ते तुझ्याबद्दल बोलले. "त्या टेबलाची एक दमडी या घरात आली, तर मी घराबाहेर." तेव्हा जे पाठवशील ते विचार करून पाठव. नसेल तर नको पाठवू. पण खोटं लिहू नकोस, मला आता तुझं खोटं वाचता येतं.

स्वाझिक


शेर्बूर, नौदलाची बराक, २४ सप्टेंबर १८९७

ताई,

खोटं नाही. कुठून लिहितोय ते वरच बघ.

तुझं पत्र मिळाल्यावर तीन दिवस मी कामावर गेलो. चौथ्या दिवशी बोद्रीकडे हिशेब मागितला. तो म्हणाला, हंगाम संपेपर्यंत थांब, नाहीतर महिन्याचा पगार बुडेल. बुडू दे म्हटलं. तसाही तो टेबलाचाच होता. माझ्या पेटीत साठलेले एकोणचाळीस फ्रँक होते, तेही टेबलाचेच. ते मी खर्च केले नाहीत आणि तुला पाठवतही नाही. घरमालकिणीकडे दिलेत, तिच्या मुलाला फुप्फुसाचा आजार आहे. त्यातलं भाडं आणि खाणं तिनं कापून घेतलं, ते बरोबरच आहे.

मग शेर्बूरला येऊन गोदीत काम बघितलं. दिवसाला साडेतीन फ्रँक. तू हिशेब करशील, मीही केला. एकोणतीसपर्यंत तीनशे नव्वद होत नाहीत, कसेही मोजले तरी. तिथे एक सार्जंट खानावळीत बसलेला असतो, सगळ्यांना वाइन पाजतो. वसाहतीच्या पलटणीत पाच वर्षांसाठी सही केली तर रोख बक्षीस मिळतं. मी विचारलं, कधी मिळतं? म्हणाला, सही केली की. मी वाइन न पिता सही केली, म्हणून त्याला माझा संशय आला असावा.

सही झाल्यावर कळलं की निम्मं आत्ता, निम्मं पाच वर्षांनी परत आल्यावर. कागदावर लिहिलेलं होतं. मी अर्धवट वाचला. चार हिवाळ्यांत जेवढं वाचता येतं तेवढा.

आम्ही तिकडे पूर्वेकडच्या वसाहतीत, टाँकिनला जातोय, पुढच्या आठवड्यात. इथल्या बराकीत परत आलेले काही आहेत, त्यांचा रंग पिवळा मेणासारखा झालाय. ते बोलत नाहीत फारसं. त्यांतला एक आपल्याच बाजूचा, रोस्त्रेनेनचा. त्यानं विचारलं, घरी कोण आहे? मी सांगितलं, बाप, बहीण आणि घोडी. तो म्हणाला, घोडीचं नाव काय? इथे आल्यापासून पहिल्यांदा कुणी नीट प्रश्न विचारला.

कादिऊकडे तू स्वतः जा. बाबांना पाठवू नकोस, ते त्याच्यासमोर हात जोडणार नाहीत आणि जोडले तर मला ते समजायला नको. कादिऊला सरकारी कागद दाखव, सोबत पाठवतोय. त्याच्यावर शिक्का आहे आणि उरलेल्या निम्म्या रकमेचा आकडा आहे. पाच वर्षांनी ते मिळतील, तो पाहिजे तर कागद स्वतःकडे ठेवू दे. त्याला मान्य असेल तर घोडी आणा. नसेल तर, ताई, तो म्हणेल तेवढ्याला निदान तिला पॅरिसच्या जथ्यातून काढून कोर्लेच्या जवळपास कुणा शेतकऱ्याला देता येतं का ते विचार. नांगराला, कशालाही. बाबांना चालत जाता येईल एवढ्या अंतरावर.

मी पाठवले हे बाबांना सांगायचं की नाही ते तू ठरव. सांगितलंस तर एवढंच सांग की हे टेबलाचे नाहीत. ते विचारतील, मग कशाचे? तेव्हा कागद दाखवू नकोस.

मनीऑर्डर आज सकाळी केली. हे पत्र मिळताच कोर्लेच्या पोस्टात जा, तुझ्या नावावर आहे. खाली वर करून तीनदा मोजले, तितकेच भरतात. एकशे नव्वद फ्रँक.